चेतक की चीता? आधी पायांकडे बघा

आपल्याकडे समुद्रावर कुठलंही छोटं हेलिकॉप्टर दिसलं की त्याला सरसकट 'चेतक' म्हणतात, आणि फोटोखाली नाव लिहायची वेळ आली की हमखास 'चीता' लिहितात. दोन्ही नावं 'च'ने सुरू होतात, दोन्ही यंत्रं एचएएलची, दोघांच्या डोक्यावर तीन पाती. आवाजावरून ओळखावं म्हटलं तर तेही जमत नाही, कारण दोघांचं इंजिन एकच: फ्रेंच बनावटीचं आर्तूस्त.

म्हणून आम्ही सांगतो, आधी पाय बघा. चेतकला तीन चाकं असतात, चीता दोन आडव्या दांड्यांवर उभं राहतं. मग शेपूट बघा. चेतकची शेपटी पत्र्याने झाकलेली असते, चीताची उघडी, जाळीदार. तारापूरहून निघणाऱ्या उच्चदाब तारांचा मनोरा आडवा पाडल्यासारखी! चेतकमध्ये पायलटसह सात माणसं बसतात, चीतामध्ये पाच.

हा फरक आला कुठून? फ्रान्समध्ये १९५५ मध्ये 'अलुएत-२' उडालं. अलुएत म्हणजे चंडोल पक्षी. काचेचा फुगा, उघडी शेपटी, खाली दांडे. १९५९ मध्ये तिची मोठी बहीण 'अलुएत-३' आली: ऐसपैस केबिन, झाकलेली शेपटी, चाकं. भारताने १९६२ मध्ये या मोठीचा परवाना घेतला. तेच आपलं चेतक.

पण हिमालयात अडचण होती. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी पडतो, तिथे प्रत्येक किलो भारी. मग भारतीय सैन्याच्या गरजेसाठी फ्रेंचांनी एक जोडकाम केलं. सांगाडा धाकटीचा, हलका. इंजिन आणि पाती मोठीची. ८७० अश्वशक्तीचं इंजिन, पण सपाटीवर त्यातली साडेपाचशेच्या आसपासच वापरायची. उरलेली वर, हवा विरळ झाल्यावर कामाला येते. हे 'लामा' १७ मार्च १९६९ रोजी उडालं. आपलं तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं तेच वर्ष. १९७२ मध्ये झां बुले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. त्याच वर्षी एचएएलने जोडलेलं पहिलं चीता उडालं.

आता सांगा, आपल्या किनाऱ्यावर काय दिसणार? डोंगरासाठी घडवलेलं चीता इथे कशाला येईल? आपल्या उत्तरेला, उंबरगावच्या पलीकडे, दमणला तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. तिथून येतं ते चेतक.

मे २०२१ आठवतो ना? तौक्ते वादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' हा बार्ज नांगर तुटून वाहत आला आणि वडराईसमोर खडकात अडकला. आत १३७ माणसं. नौदल आणि तटरक्षक दलाने सगळ्यांना वाचवलं. त्या कामात चेतक होती. सात जागांच्या हेलिकॉप्टरमध्ये पायलट, दोर सोडणारा, पाळणा सांभाळणारा धरला तर वर घ्यायला जागा उरते किती? म्हणजे फेऱ्या, पुन्हा फेऱ्या, आणि तोही सोसाट्याचा वारा. 'हेलिकॉप्टरने काढलं' एवढं एक वाक्य लिहून ती मेहनत दिसत नाही. कुठलं हेलिकॉप्टर, ते लिहिलं तर दिसते.

उलटही होतं. जानेवारी २०१८ मध्ये जुहूहून ओएनजीसीच्या माणसांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर डहाणूसमोरच्या समुद्रात कोसळलं, सात जीव गेले. ते डॉफिन होतं. त्याचं शेपटीचं पातं उभ्या पंखात, गोल भोकात बसवलेलं असतं. त्याला चेतकच्या माळेत ओवणं म्हणजे त्या अपघाताची नोंदच चुकवणं.

एक घोळ मात्र पायांवरून सुटत नाही. एचएएलने पुढे चीतामध्ये नवं इंजिन बसवलं आणि नाव ठेवलं 'चीतल', तर चेतकला तेच करून 'चेतन'. सांगाडे जुनेच. नावं ठेवणाऱ्याला 'च' सोडून दुसरं अक्षर सुचत नसावं! अशा फोटोखाली आम्ही आधी साल शोधतो, मग इंजिनाकडे बघतो, आणि तोवर नुसतं 'चीता जातीचं' किंवा 'चेतक जातीचं' एवढंच लिहितो.