कुंडीतील आमरीची मुळे
आमरी (ऑर्किड) कुलातील ज्या वनस्पती हौसेने कुंडीत लावल्या जातात, त्यांतील बहुतेक अपिवनस्पती आहेत. निसर्गात त्या झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढतात, पण आधार देणाऱ्या झाडाचे अन्न घेत नाहीत. बाजारात सर्रास मिळणारे फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा आणि कॅटलिया हे याच गटातले. सह्याद्रीतील सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा) हीही त्यातलीच. सर आली की भिजायचे आणि वाऱ्यावर सुकायचे, हा त्यांच्या मुळांचा क्रम. कुंडीत भिजणे भरपूर होते, सुकणे राहून जाते, आणि घरातली आमरी बहुधा त्यामुळेच दगावते.

रचना : या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडेपणी त्याच्या पेशींत हवा असल्याने मूळ रुपेरी पांढरे दिसते. पाणी पडताच पेशी भरतात, आवरण पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर येतो. झारीने पाणी घालताना हा बदल पाहता पाहता घडतो. भिजलेले मूळ डोळ्यांजवळ नेले तर हिरव्यावर बारीक पांढऱ्या रेघा शिल्लक दिसतात. नवख्याला तो रोग वाटतो, पण तेथे पाणी शिरत नाही आणि ओल्या मुळाला त्याच जागांतून हवा मिळते. फॅलेनॉप्सिसच्या मुळांतील हरितद्रव्य प्रकाशात काम करते. या रोपासाठी पारदर्शक कुंड्या वापरण्याचे हे एक कारण, शिवाय मुळांची स्थितीही बाहेरून दिसते. मूळ लांबते ते टोकाशी. हे टोक चकचकीत हिरवे किंवा तांबूस असते आणि फार नाजूक असते. ते मोडले की त्या मुळाची लांबी तेथेच थांबते, मागून फाटे मात्र फुटू शकतात.

माध्यम : बागेतली माती वापरू नये. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, झाडाच्या सालीचे तुकडे आणि नारळाचे सोडण ही आपल्याकडची रुळलेली सामग्री आहे. सोडणात क्षार असतात, म्हणून ते वापरण्यापूर्वी पाणी बदलत काही दिवस भिजत ठेवावे. कोकणच्या पावसाळ्यात कोळसा व विटा जास्त घ्याव्यात. विदर्भाच्या उन्हाळ्यात सोडण किंवा शेवाळ (स्फॅग्नम मॉस) वाढवावे. कुंडी मुळांच्या पसाऱ्याला जेमतेम पुरेल एवढीच हवी. मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकतच नाही. मातीच्या कुंडीला बाजूंनीही भोके असावीत. व्हँडाला तर माध्यमही लागत नाही. लाकडी जाळीत मुळे मोकळी सोडली की पुरते, मात्र पाणी रोज द्यावे लागते.

पाणी : अमुक दिवसांनी पाणी द्यावे, असा नियम येथे उपयोगाचा नाही. फॅलेनॉप्सिसची मुळे रुपेरी झाली की भरपूर पाणी द्यावे आणि ते खालून पूर्ण निथळू द्यावे. ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. सकाळची वेळ चांगली, कारण दिवसभरात ओल उडते. पावसाचे पाणी उत्तम. बोअरवेलच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेवर पांढरा थर धरतो आणि मुळांची टोके काळी पडतात. खताचा मारा झाला तरी हेच होते. 19:19:19 सारखे विद्राव्य खत 1 लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम पुरते. तेही मुळे आधी भिजवून द्यावे आणि अधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी धुवावी.

पुनर्लागण : साल व सोडण साधारण 2 वर्षांत कुजून बारीक होते आणि हवेची वाट बुजते. कुंडी बदलण्याची खरी वेळ नवी मुळे फुटू लागताना असते. डेंड्रोबियममध्ये नव्या कोंबाच्या बुडाशी हिरवे ठिपके दिसू लागले, की ती वेळ आली. मुळे जुनी व थांबलेली असताना रोप उपटले तर ते महिनोन्महिने रुळत नाही. कुजलेले मूळ तपकिरी, मऊ असते. चिमटीत धरून ओढले की वरचे आवरण सुटून आत तारेसारखा धागा उरतो. ते ज्योतीवर तापवून निवलेल्या कात्रीने कापावे. कडक मूळ वाळलेले दिसले तरी ठेवावे. नंतर रोप काडीला घट्ट बांधावे. हलत्या रोपाची नवी टोके घासून मोडतात, आणि पुष्कळ ठिकाणी नेमके हेच दुर्लक्षिले जाते.

सगळी मुळे गेलेले रोपही पाने टणक असतील तर वाचू शकते. त्याला सावलीत, दमट हवेत, ओलसर शेवाळाच्या वर टेकवून ठेवावे. शेवाळात पुरू नये. फुलांचा दांडा आला असल्यास कापावा. नवी मुळे 2–3 सेंमी. होईपर्यंत खत देऊ नये.