हातातील यंत्र आणि आपली बाराखडी

ज्या आमच्या पिढीने पाटीवर ‘क, का, कि, की’ गिरविले, तिला खिशातील यंत्रावर बोट टेकून पत्र लिहिता येईल, हे कोणी सांगितले असते तरी खरे वाटले नसते. ही लेखनपद्धती कसकशी बदलत गेली, ते ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भारतात भ्रमणध्वनीचा प्रारंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. श्रीनृसिंहाच्या आमच्या पोखर्णीस तो पोहोचावयास आणखी काही वर्षे लागली. त्या काळच्या संचावर अंक व चिन्हे मिळून बारा कळा असत. ‘२’ ह्या कळेवर ए, बी, सी ही तीन अक्षरे. पैकी ‘सी’ हवे असल्यास तीच कळ तीनदा दाबावयाची. पुढे ‘टी-९’ ही पद्धती आली. तीत प्रत्येक अक्षरास कळ एकदाच दाबावी आणि शब्द कोणता, हे यंत्राने आपल्या कोशातून ताडावे. काही संचांवर देवनागरी अक्षरेही होती. परंतु एका संदेशात इंग्रजी अक्षरे १६० मावत, देवनागरी केवळ ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे निराळी मोजली जात. साहजिकच लोक रोमन लिपीत मराठी लिहू लागले.

त्याचे फळ आमच्या घरी मिळाले. वडीलबंधू आजारी असता पुण्याच्या एका आप्ताने रोमन लिपीत संदेश धाडला. ‘उद्या गाडी पाठवितो’ असे आम्ही वाचले. बंधू सकाळपासून धोतर-टोपी घालून ओसरीवर बसून राहिले. सायंकाळी आली ती गादी! ‘ड’ आणि ‘द’ ह्यांस त्या लिपीत एकच अक्षर. आम्ही हसलो, बंधू मात्र हसले नाहीत.

यंत्रास देवनागरी शिकविण्याचे प्रयत्न पूर्वीच सुरू झाले होते. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संगणकासाठी ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक प्रमाण ठरविला. त्यात डावीकडे स्वर व उजवीकडे व्यंजने आहेत. हातातील यंत्रावर खरी सोय झाली ती स्पर्शाचा पडदा आल्यावर. कारण पडद्यावर कोणत्याही लिपीची अक्षरे मांडता येतात. २०१३ साली मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांनी ‘स्वरचक्र’ हा कळफलक उपलब्ध केला. त्यात ‘क’वर बोट ठेवताच त्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते. ही आपली पाटीवरचीच बाराखडी नव्हे काय? २०१७ पासून तर गूगलच्या साह्याने मराठी बोलावे आणि यंत्राने लिहावे, अशीही सोय झाली आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत ह्या परभणी जिल्ह्यात सरकारी कारभार उर्दूत चाले. तरीही आमच्या वडीलधाऱ्यांनी घरात मराठी जपली. त्यांच्यापुढे अडचण राज्याची होती, आपल्यापुढे यंत्राची. आज दोन्ही उरलेल्या नाहीत. तेव्हा निदान घरचे क्षेमकुशल आणि मुलामुलींच्या विवाहाची माहिती तरी आपण आपल्या लिपीत लिहावी, अशी तरुण मंडळींस एका जुन्या शिक्षकाची विनंती आहे.