१९२९ ची महामंदी: ‘पगार कापणार नाही’ हा अमेरिकी उद्योगपतींचा शब्द किती दिवस टिकला?

२१ नोव्हेंबर १९२९. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून जेमतेम महिना होत होता. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी देशातल्या बड्या उद्योगपतींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावलं. त्यात मोटार कारखानदार हेन्री फोर्डही होते. त्याच दिवशी कामगार नेत्यांशीही चर्चा झाली.

ठरलं असं: मालकांनी पगार कापायचे नाहीत आणि कामगारांनी संप किंवा नव्या पगारवाढीची मागणी करायची नाही. यामागे कायदा नव्हता, मोडणाऱ्याला शिक्षाही नव्हती. सगळा मामला शब्दावर होता. पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत या शब्दाचं जे झालं, त्यातून अमेरिकेतलं सरकार, मालक आणि कामगार यांचं नातंच बदललं.

त्याआधीची तेजी कशी होती?

१९२० मध्ये अमेरिकेत सुमारे ८० लाख मोटारी होत्या, १९२९ मध्ये २ कोटी ३० लाख. रेडिओ, फ्रिज, मोटार असं सगळं हप्त्यावर मिळू लागलं होतं. सरकारने उद्योगांना मोकळीक दिली होती. श्रीमंतांवरच्या आयकराचा सर्वोच्च दर १९२१ मध्ये ७३ टक्के होता. १९२५ पर्यंत तो २५ टक्क्यांवर आला.

कामगार संघटना मात्र या तेजीत खंगत गेल्या. त्यांचे सभासद ५० लाखांवरून सुमारे ३५ लाखांवर घसरले. अनेक कारखान्यांत नोकरी देतानाच ‘युनियनमध्ये जाणार नाही’ असं लिहून घेतलं जाई. संप झाला की मालक कोर्टातून मनाई हुकूम आणत. काही कंपन्यांनी तर स्वतःच्याच संघटना काढल्या होत्या. थोडक्यात, कामगारांचं भलं मालकांच्या मर्जीवर होतं.

हूव्हर यांचा हिशोब काय होता?

१९२०-२१ च्या मंदीत मालकांनी झटपट पगार कापले होते. हूव्हर यांना ते पुन्हा नको होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पगार कमी झाला तर लोक खरेदी कमी करतील, माल पडून राहील आणि मंदी आणखी वाढेल. पण सरकारने उद्योगांवर सक्ती करावी, हे त्यांना पटत नव्हतं. म्हणून त्यांनी विनंतीचा मार्ग धरला.

सुरुवात झोकात झाली. फोर्ड यांनी कामगाराचा किमान रोज ६ डॉलरवरून ७ डॉलर केला. बहुतेक मोठ्या कंपन्यांनीही १९३१ च्या उन्हाळ्यापर्यंत पगाराचे दर टिकवून धरले.

मग घरात पैसा का येईना?

कारण शब्द पगाराच्या दराचा होता. किती लोकांना कामावर ठेवायचं आणि किती दिवस काम द्यायचं, याबद्दल मालक बांधलेले नव्हते.

समजा, कामगाराचा रोज ७ डॉलर आहे. आठवड्यात पाच दिवस काम मिळालं तर हातात ३५ डॉलर येतात. दोनच दिवस मिळालं तर १४ डॉलर. रोज कापलेला नाही, पण चूल मात्र विझायला आली.

फोर्डच्या डेट्रॉइट भागातल्या कारखान्यांत १९२९ च्या वसंतात सुमारे १ लाख २८ हजार कामगार होते. ऑगस्ट १९३१ मध्ये सुमारे ३७ हजार उरले. मालकांपुढेही पेच होता. बँका बुडत होत्या, मागणी आटत होती, वस्तूंचे भाव पडत होते. भाव घसरत असताना पगाराचा दर तोच ठेवला, तर कंपनीच्या दृष्टीने प्रत्येक कामगार महाग होत जातो. ली ओहानियन यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ म्हणूनच म्हणतात की या शब्दामुळेच बेकारी वाढली. इतर अनेक अभ्यासक मात्र बँकांची पडझड आणि पैशाची टंचाई यांना मोठं कारण मानतात. हा वाद अजून मिटलेला नाही.

शब्द कधी मोडला?

सप्टेंबर १९३१ मध्ये यूएस स्टील या देशातल्या सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीने १ ऑक्टोबरपासून १० टक्के पगारकपात जाहीर केली. मग इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. फोर्डनेही रोज खाली आणला.

७ मार्च १९३२ रोजी बेकारांचा मोर्चा फोर्डच्या डिअरबॉर्नमधल्या कारखान्यावर गेला. त्यांना काम हवं होतं. पोलीस आणि कंपनीच्या रक्षकांनी गोळ्या झाडल्या. चार जण ठार झाले, पाचवा नंतर दगावला.

१९२९ मध्ये देशात सुमारे १५ लाख बेकार होते, १९३३ मध्ये जवळपास १ कोटी २८ लाख. म्हणजे दर चार कामगारांमागे एक. यूएस स्टीलकडे १९२९ मध्ये सुमारे सव्वादोन लाख पूर्णवेळ कामगार होते. एप्रिल १९३३ मध्ये पूर्णवेळ कामगार एकही उरला नव्हता.

शब्दाच्या जागी कायदा कसा आला?

पहिलं पाऊल हूव्हर यांच्याच काळात पडलं. मार्च १९३२ च्या नॉरिस-ला गार्डिया कायद्याने ‘युनियनमध्ये जाणार नाही’ हे करार निरुपयोगी ठरवले आणि संपावरच्या मनाई हुकुमांना लगाम घातला.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात १९३५ चा वॅग्नर कायदा आला. कामगारांनी बहुमताने निवडलेल्या युनियनशी बोलणी करणं मालकांवर बंधनकारक झालं. १९३८ मध्ये किमान वेतन ठरलं, ताशी २५ सेंट. शेतमजूर आणि घरकामगार मात्र या दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहिले. त्यात कृष्णवर्णीय कामगारांची संख्या मोठी होती.

कायदा झाला म्हणून सगळे मालक लगेच वाकले नाहीत. फ्लिंट शहरात जनरल मोटर्सच्या कामगारांनी ३० डिसेंबर १९३६ पासून ४४ दिवस कारखान्यातच ठाण मांडलं, तेव्हा कंपनीने युनियनला मान्यता दिली. त्यानंतर तीनच आठवड्यांत, २ मार्च १९३७ रोजी, आणखी एका बड्या कंपनीने संप न होताच युनियनशी करार केला. ती कंपनी होती यूएस स्टील. साडेपाच वर्षांपूर्वी याच कंपनीने एकतर्फी पगार कापला होता. आता पगार ठरवताना समोर बसलेल्या युनियनशी बोलणं तिला भाग होतं.