चाळणीत न उरलेले जीव

मंडळी, मीमांसेतलं ‘अनुपलब्धी’ हे प्रमाण आपण मागच्या वेळी पाहिलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही, असं आपण म्हणतो. पण यात एक अट आहे: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत हे प्रमाण चालत नाही. आज ही अट घेऊन आपण ध्रुवीय समुद्राच्या तळाशी जाऊ.

तिथल्या गाळात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव राहतात. बऱ्याच जणांना कवच असतं, चुन्याचं किंवा वाळूचे कण चिकटवून केलेलं. 1826 मध्ये दॉर्बिन्यी या फ्रेंच अभ्यासकाने ही कवचं बघून त्यांना म्हाकुळाच्या वर्गात बसवलं. 1835 मध्ये द्युजार्दँने जिवंत नमुने तपासले आणि सांगितलं, की आत तसं शरीर नाहीच. आहे तो साधा, चिकट, जिवंत द्रव.

तरी पुढचा अभ्यास मुख्यतः कवचांचाच राहिला. ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज 1872 ते 1876 या काळात जगभर फिरलं, 1874 मध्ये अंटार्क्टिक वृत्तही ओलांडून आलं. त्याने आणलेल्या फोरामिनिफेरांवर हेन्री ब्रॅडी यांचा ग्रंथ 1884 मध्ये निघाला, 115 चित्रफलकांसह. काम अफाट, यात शंका नाही. पण तेव्हाची रीत अशी, की गाळ चाळणीत धुवायचा, वाळवायचा आणि उरलेली कवचं वेचायची. ज्यांचं आवरण मऊ, ते वाळून ओळखण्यापलीकडे जायचे. मग यादीत येणार कसे?

अंटार्क्टिकात मॅकमर्डो साउंडमध्ये एक्सप्लोरर्स कोव्ह नावाची खाडी आहे. तिथे पाणबुडे बर्फाला भोक पाडून खाली उतरतात आणि गाळ हलक्या हाताने गोळा करतात. तिथल्या ‘नोटोडेन्ड्रोडिस अंटार्क्टिकॉस’ या जीवाचं वर्णन 1980 मध्ये प्रसिद्ध झालं: पेशी एकच, पण उंची काही सेंटीमीटर, आणि झाडासारख्या फांद्या! पुढे सॅम्युअल बाउझर, यान पावलोव्स्की आदींनी तिथल्या मऊ आवरणाच्या जीवांची जनुकं तपासली, तेव्हा नोंदच नसलेल्या कितीतरी जाती समोर आल्या.

ध्रुवीय समुद्र आज तापत आहेत. तिथून काय नाहीसं झालं हे उद्या सांगायचं, तर आधी काय होतं हे माहीत हवं. म्हणून ‘सापडलं नाही’ असं म्हणण्याआधी आपण स्वतःलाच विचारू या: असतं, तर आपल्या चाळणीत ते उरलं असतं का? आज इथेच थांबू.