मनाला विचारावयाचे प्रश्न

‘तुम्ही असे का केलेत?’ प्रायश्चित्त संस्कारात आम्ही धर्मगुरू हा प्रश्न सहज विचारून जातो. त्याचे खरे उत्तर मिळणे किती कठीण, हे मानसशास्त्राच्या इतिहासावरून ध्यानी येते.

फ्रान्झ ब्रेंटानो यांना १८६४ साली गुरुदीक्षा मिळाली. १८७३ मध्ये त्यांनी ते पद सोडले. १८७४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बजावले, की संतापलेला माणूस स्वतःच्या संतापाचे निरीक्षण करू लागताच संताप ओसरतो. मग मन पाहावे कसे? १९०७ मध्ये वुर्झबुर्गच्या कार्ल ब्यूलर यांनी एक वाट काढली. अवघड वचन ऐकवायचे, ते समजले का हे विचारायचे आणि लगेच तेवढ्या वेळातला अनुभव वदवून घ्यायचा. लाइपझिगचे विल्हेल्म वुंट यांनी त्याच वर्षी, हे खरे प्रयोगच नव्हेत, अशी कठोर टीका केली.

पुढे दोन पद्धती रूढ झाल्या. अमेरिकेचे रसेल हर्लबर्ट माणसाजवळ अवचित वाजणारे यंत्र देतात. ते वाजण्याच्या लगेच आधी मनात जे असेल, ते टिपायचे. मुलाखत शक्यतो चोवीस तासांच्या आत. येथे स्मृतीवर भार थोडा. परंतु आयुष्यातला मोलाचा क्षण नेमका सापडेलच असे नाही. फ्रान्सचे पिएर वेरमेर्श यांची पद्धत होऊन गेलेल्या एका निश्चित प्रसंगाकडे नेते. कुठे उभे होता, काय ऐकू आले, असे विचारून तो प्रसंग पुन्हा जागवायचा, ‘का?’ मात्र टाळायचे. येथे प्रश्नकर्त्याने आपले उत्तर समोरच्याच्या तोंडी घालण्याचा धोका असतो.

या सावधगिरीचे फळ २०१३ मध्ये क्लेअर पेटिटमेंजां आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसले. दोन चेहऱ्यांच्या छायाचित्रांतून एक निवडावयास सांगून, हातचलाखीने दुसरेच हाती दिले. एरवी ३३ टक्के लोकांनाच अदलाबदल कळली. निवडीचा अनुभव आधी सावकाश वर्णन करवून घेतल्यावर ८० टक्क्यांना कळली.

असो. संत इग्नाशियस यांनीही आत्मपरीक्षणात दिवस तासातासाने आठवावयास सांगितले आहे. ‘का?’ विचारले की माणूस सबब शोधू लागतो, ‘काय घडले?’ विचारले तर तो त्या क्षणाकडे वळतो. संस्काराच्या वेळी आम्ही, आणि घरी मुलाबाळांना विचारताना आईवडिलांनी, एवढा बदल करून पाहावा.