व्हिटॅमिन गमीज: घरी कशा ठेवाव्यात आणि बिघडल्या हे कसे ओळखावे?

बाटली उघडली आणि आतल्या गमीज एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, की खाव्यात की टाकाव्यात हा प्रश्न पडतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि जूनपासून हवा दमट होते. गमीजना हे दोन्ही मानवत नाही.

गमीज लवकर का बिघडतात?

साधी गोळी कोरडी असते. गमीमध्ये मात्र थोडे पाणी, साखर आणि जिलेटिन किंवा पेक्टिन असते. जिलेटिन साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. पेक्टिन उष्णता थोडी जास्त सोसते. उष्णता, ओलावा आणि उजेड यांमुळे क जीवनसत्त्व, फॉलिक अ‍ॅसिड यांसारखे घटकही कमी होत जातात. हे डोळ्यांना दिसत नाही.

कशा ठेवाव्यात?

- लेबलवर दिलेले तापमान पाळा. घरातले थंड, कोरडे, अंधारे कपाट उत्तम.
- गॅसजवळ, फ्रिजच्या वर, खिडकीत किंवा बाथरूममध्ये ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत तर मुळीच नको.
- मूळ बाटलीतच ठेवा. आतली ओलावा शोषणारी पुडी काढू नका आणि खाऊही नका.
- कोरड्या हातांनी काढा, झाकण लगेच घट्ट लावा.
- लेबलवर सांगितले असेल तरच फ्रिजमध्ये ठेवा. थंड बाटली दमट हवेत उघडली की आत पाणी धरते.
- ऑनलाइन मागवलेले पार्सल मे महिन्यात दिवसभर गेटवर पडू देऊ नका.

टाकून कधी द्याव्यात?

- बुरशी किंवा केसाळ डाग दिसले तर. एकाच गमीवर दिसली तरी पूर्ण बाटली टाका.
- आंबूस किंवा खवट वास, विचित्र चव, पाणी सुटणे, रंग खूप बदलणे.
- वितळून सगळ्यांचा एकच गोळा झाला असेल तर. तुकडा कापून खाल्ला, तर त्यात किती मात्रा आली हे कळत नाही.
- एक्स्पायरीची तारीख उलटली असेल तर.

किंचित चिकटलेल्या, पण सहज सुट्या होणाऱ्या आणि वास-रंग नेहमीसारखा असलेल्या गमीजने सहसा अपाय होत नाही. मात्र गरोदरपणात किंवा कमतरतेसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील, तर शंका येताच बदला. तिथे पूर्ण मात्रा मिळणे महत्त्वाचे असते.

लहान मुले घरात असतील तर

बिघडलेल्या गमीपेक्षा मोठा धोका म्हणजे मुलाने चॉकलेट समजून मूठभर खाणे. लोह असलेल्या गमीज जास्त खाल्ल्यास जिवावर बेतू शकते. अ आणि ड जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक असतो. बाटली उंचावर, कुलपात ठेवा आणि गमीला 'खाऊ' म्हणू नका. चार वर्षांखालील मुलांच्या घशात ती अडकू शकते.

मुलाने जास्त गमीज खाल्ल्या असतील, तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा किंवा १०८ ला फोन करा. लोहाच्या विषबाधेत सुरुवातीच्या उलट्या थांबून मूल काही तास बरे वाटू शकते आणि नंतर पुन्हा गंभीर होते. म्हणून 'आता ठीक दिसतोय' असे म्हणून घरी थांबू नका.