शब्दांची पेढी

वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो. धनत्रयोदशी येते ती दुसऱ्या दिवशी. आधी गाय, मग धन! वर्गात इंग्रजी शिकवता शिकवता मला त्या भाषेतही हाच क्रम आढळला.

लॅटिनमध्ये गुरांना ‘पेकू’ म्हणत. त्यावरून पैशाला ‘पेकुनिआ’ हे नाव पडले आणि पैशासंबंधीच्या व्यवहाराला इंग्रज ‘पेक्युनिअरी’ म्हणू लागला. हा ‘पेकू’ म्हणजे आपल्या संस्कृत ‘पशु’चा भाऊच! जुन्या इंग्रजीतला ‘फेओ’ही याच कुळातला, त्याचा अर्थ गुरे, आणि पैसाही.

‘कॅटल’ची मौज नेमकी उलटी. लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोके. त्यावरून निघालेल्या एकाच शब्दाचे पुढे ‘कॅपिटल’ही झाले आणि ‘कॅटल’ही. ‘कॅटल’चा पहिला अर्थ मालमत्ता, गुरे हा मागाहूनचा. एकीकडे गुरांचा पैसा झाला, तर दुसरीकडे मालमत्तेची गुरे!

‘बँक’ म्हणजे मुळात इटलीतल्या सराफाचे बाक, आणि ‘बँकरप्ट’ म्हणजे मोडके बाक. आपल्याकडे बुडालेला सावकार भर दिवसा पेढीवर दिवा लावी, म्हणून ‘दिवाळे’, असे सांगतात.

‘लूट’ हा शब्द मात्र इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर कंपनीचे नोकर बंगालमधून गबर होऊन मायदेशी परतू लागले. त्याच शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत शिरला. वस्तूबरोबर तिचे नावही गेले म्हणायचे! मुलांना हे सांगितले की सारा वर्ग क्षणभर गप्प होतो.

आणि ‘वेल्थ’? तिच्या पोटात ‘वील’ आहे. वील म्हणजे कल्याण. एके काळी ‘वेल्थ’ म्हणजे माणसाचे क्षेम, त्याचे सुखाने नांदणे. पुढे पैशाचा अर्थ बळावला आणि क्षेम मागे पडले. ‘प्रॉफिट’चेही तेच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पुढे जाणे, प्रगती. आज उरला तो वहीतला नफा.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपला व्यापारी नव्या वहीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ असे दोन शब्द लिहितो. त्यांत ‘शुभ’ आधी येते. इंग्रजीत जे शब्दाच्या पोटात दडून गेले, ते आपल्या वहीवर अजून उघड लिहिलेले आहे. ते नुसते लिहिण्यापुरते न राहो, एवढेच या दिवाळीला मागणे!